आईसाठी उघडलेलं स्टूल

ही गोष्ट माझी स्वतःची आहे. मैत्रिणीच्या मावशीची नाही, कुठे वाचलेली नाही.

आणि आधीच सांगते, यात अमावस्या नाही आणि मध्यरात्रही नाही. भर दुपारी घडलं. ऑक्टोबरचा दुसरा रविवार, तीन वाजून गेले होते, बाहेर लख्ख ऊन होतं.

मी रेणू. माहेर नागपूरचं. तेरा वर्षं झाली अमेरिकेत, सध्या मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. पुराव्याशिवाय मी कोणाचं ऐकत नाही. निमिषला, माझ्या नवऱ्याला विचारा. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी मी खिदळायचे.

आता नाही खिदळत.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं भली आहेत, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको. आमच्यापासून तासाभराच्या ड्राइव्हवर आहे एवढंच सांगते. कापडगिरण्यांचं जुनं गाव. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण त्यांच्यासाठी खणलेले कालवे आणि विटांच्या इमारती तशाच जपून ठेवल्यात. पाणी अडवायचे मोठाले लाकडी दरवाजे आहेत. काठाने चालायला वाट आहे. आणि एका जुन्या गिरणीत चित्रांचं म्युझियम आहे, तीन मजल्यांचं.

पण त्या रविवारचं सांगायच्या आधी, त्याच्या एक वर्ष आधीचं सांगायला हवं. ते सांगणं सोपं नाही. पण सांगते.

माझी आई, शुभा. नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. बाबा गेल्यावर सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. परतीला दोन आठवडे उरले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण आईला आउटलेट मॉल दाखवला, नायगारा दाखवला, आणि जन्मभर चित्रं काढलेल्या बाईला एक म्युझियम दाखवलं नाही.

म्हणून आम्ही दोघीच निघालो. माझी लेक स्वानंदी कोणाच्या तरी बर्थडे पार्टीला गेली होती.

आई खूश होती. कालवा बघून म्हणाली, "आपल्याकडे याला नहर म्हणतात. पण आपल्या नहरीला इतकं सजवून कोण ठेवतं बाप्पा."

काठावरून वर चढायला सतरा-अठरा दगडी पायऱ्या आहेत. मी पुढे होते. मागे वळून पाहिलं, तर आई मध्येच थांबली होती. कठडा घट्ट धरून.

"काय झालं?"

"काही नाही. जरा दम लागून राहिला. आणि हा डावा हात... मुंग्या आल्यासारखा वाटतो."

आता अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी जरा प्रामाणिकपणे आठवून बघा. आई-वडील आले की काही दुखलंखुपलं तर आपण काय म्हणतो? सहा महिन्यांची औषधं बॅगेत भरून आणायला लावतो. दात दुखला तर लवंग देतो. पाहुण्यांचा तो इन्शुरन्स, त्यात हृदयाचं काही निघालं की म्हणणार हे आधीपासूनच होतं, पैसे मिळणार नाहीत. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला महिना. मग आपलं ठरलेलं वाक्य असतं.

तेच मी म्हणाले.

"थकली असशील. दोन आठवडे तर राहिले, नागपूरला गेल्यावर दाखवू."

आई म्हणाली, "हो, तेच बरं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसमध्ये काहीतरी बंद पडलं होतं, मी ऑन-कॉल होते. मी आईला म्युझियमच्या दारापर्यंत सोडलं, तिकीट काढून दिलं आणि म्हणाले, "तू बघत राहा, मी वीस मिनिटांत येते." आणि गाडीत जाऊन लॅपटॉप उघडला.

वीस मिनिटांची पन्नास झाली. मी आत गेलेच नाही.

शेवटी आईच बाहेर आली. हसत आली. केस नीट, पदर नीट, हातात म्युझियमचं माहितीपत्रक. "मस्त आहे गं. फक्त जिने फार," म्हणाली.

त्या हसण्यावर मी पुढचं वर्ष काढलं. हसत होती म्हणजे दुखत नव्हतं, असा माझा हिशोब.

आई नागपूरला पोचली. माझा भाऊ परीक्षित तिला डॉक्टरकडे नेणार होता. बाराव्या दिवशी सकाळी चहा ठेवला आणि ओट्यापाशीच खाली बसली. संपलं. मी पोचले तेव्हा घरात फक्त फोटो होता.

परीक्षितने सगळ्या नातेवाइकांसमोर विचारलं, "ताई, तिकडे असताना तिला काही त्रास नव्हता ना?"

मी म्हणाले, "नाही रे. छान हिंडली-फिरली."

खोटं बोलले. आईच्या फोटोसमोर बसून. नंतर मावशीला तेच सांगितलं, काकूला तेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मला स्वतःला खरं वाटायला लागलं. फक्त अंघोळ करताना, भांडी घासताना तो कठडा धरलेला हात डोळ्यांसमोर यायचा. त्या दिवशी तिला खरंच दुखत होतं का? मला तेवढंच हवं होतं. कोणीतरी सांगावं की नव्हतं दुखत.

वर्ष होत आलं. आईचं वर्षश्राद्ध नागपूरला परीक्षित करणार होता. मला इथे चैन पडेना. त्याच ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मी स्वानंदीला गाडीत घातलं आणि पुन्हा त्या गावाला गेले. निमिष शिकागोला गेला होता. का गेले? आईने जे बघितलं ते मी बघितलं नव्हतं, म्हणून.

काउंटरवर एक मुलगी होती. मी म्हणाले, दोन तिकिटं.

तिने कपड्यांवर लावायची तीन स्टिकर्स दिली.

मी एक परत केलं. "आम्ही दोघीच आहोत."

तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं... मग माझ्याकडे बघितलं... आणि "सॉरी" म्हणून स्टिकर घेतलं.

मी म्हटलं असेल, रविवारची गर्दी. पण खरं सांगते, गर्दी नव्हती. आमच्या मागे कोणी नव्हतं.

जिन्याकडे जायला जड लोखंडी दार आहे. स्वानंदीने ते उघडून धरलं. मी आत गेले. ती दार धरून उभीच राहिली. अकरा वर्षांची पोर, हात भरून आला तरी सोडेना.

"सोड की, कोणासाठी धरलंस?"

"आय डोन्ट नो, ममा. आय थॉट समवन वॉज कमिंग."

आम्ही चढायला लागलो. जुना लाकडी जिना, पावलं वाजतात. माझी वाजत होती, तिची वाजत होती.

आणि मग... पहिल्या वळणावर...

मला श्वास ऐकू आला.

हं... हं... हं...

दम लागलेल्या माणसाचा. तोंडाने घेतलेला. दोन पायऱ्या झाल्या की थांबणारा.

पावलं मात्र नव्हती. फक्त श्वास.

मी थांबले. श्वास थांबला.

मी खाली वाकून बघितलं. जिना रिकामा होता. दार बंद होतं.

"ममा, यू ओके? यू आर ब्रीदिंग फनी," स्वानंदी वरून म्हणाली.

मी श्वास रोखून उभी होते. मी श्वास घेतच नव्हते.

त्या क्षणी लेकीचा हात धरून परत फिरायला हवं होतं. कोणीही शहाणी बाई फिरली असती. पण तो श्वास मला ओळखीचा होता हो. वर्षभर कानात होता. मला भीती वाटली नाही असं नाही, पण परत फिरवेना. मी जिन्यावर हळूच म्हणाले, "सावकाश ये. घाई नाही."

आणि सावकाश चढले. एकेक पायरी.

वरच्या मजल्यावर लांबच लांब दालन होतं. खिडक्यांतून कालवा दिसत होता. भिंतींवर त्याच कालव्याची शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची चित्रं. स्वानंदी पलीकडे स्केच काढायच्या टेबलाशी गेली, तिथे मुलांसाठी रंगीत पेन्सिली ठेवल्या होत्या. दालनात आम्ही दोघी, आणि कोपऱ्यात निळ्या ब्लेझरमधला एक म्हातारा गार्ड.

मी एका चित्रासमोर उभी राहिले. पाण्यावर पडलेल्या उन्हाचं चित्र होतं.

मागे पुन्हा... हं... हं...

मी वळले नाही. वळायची हिंमत झाली नाही.

मग लाकूड आपटल्याचा आवाज आला. खट्.

मी दचकून बघितलं. तो गार्ड माझ्या शेजारी घडीचं स्टूल उघडून ठेवत होता. कापडी बैठकीचं, म्युझियममध्ये दमलेल्या लोकांना देतात ते. माझ्याकडे बघून हसला. तो अर्थात इंग्रजीत बोलत होता, मी आपल्या भाषेत लिहिते.

"आज तरी बरं वाटतंय का त्यांना?"

"कोणाला?"

"तुमच्या आईला. तुम्ही त्यांची मुलगी ना? चेहरा सारखा आहे."

"काय म्हणालात?" मी विचारलं. त्याला वाटलं मला कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं.

"मागच्या वर्षी आल्या होत्या. साडीत, पायात पांढरे बूट. याच चित्राला नाक लावून बघत होत्या, मी जरा दटावलं त्यांना. तर त्यांनी हवेत हात फिरवून मला दाखवलं, ब्रश इथून असा गेला आणि इथे असा उचलला. वीस वर्षं मी या चित्राजवळ उभा आहे, मला कधी दिसलं नव्हतं ते."

माझी आईच. शंभर टक्के माझी आई.

"मग एकदम खाली बसल्या. घामाने चिंब. हात इथे," त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "मग इथे," आणि तो हात डाव्या खांद्यावरून खाली कोपरापर्यंत नेला. "मी ॲम्ब्युलन्स बोलवायला फोन काढला, तर त्यांनी हात जोडले. दोन्ही हात. सारखं म्हणत होत्या, नो, नो. डॉटर. ऑफिस. वर्क. खिडकीतून खाली तुमची गाडी दाखवली मला."

मी खिडकीतून खाली बघितलं.

"मी पाणी दिलं. अर्ध्या तासाने उठल्या. तोंड धुऊन आल्या, केस नीट केले. आणि मला विचारलं, म्हणजे खुणेनेच, नीट दिसतेय का? मी मान हलवली. तसं हसून बघितलं, एकदा सराव केल्यासारखं. मग खाली गेल्या. मी खिडकीतून बघत होतो, गाडीपर्यंत हसत गेल्या."

वर्षभर मी ज्या हसण्यावर जगले, ते असं होतं. सराव करून तयार केलेलं. माझ्यासाठी.

मला रडू आलं नाही.

"मला रुखरुख लागली होती," गार्ड म्हणाला. "म्हणून मघाशी बघितल्याबरोबर विचारलं, मुलीला सांगितलंत का? डॉक्टरला दाखवलंत का?"

मघाशी.

"मघाशी म्हणजे कधी?"

"आता. तुमच्या मागून आल्या ना वर. दम लागला होता, म्हणूनच स्टूल आणलं."

मी त्याला सांगितलं. हळू आवाजात, स्वानंदीला ऐकू जाऊ नये म्हणून. माझी आई मागच्या नोव्हेंबरमध्ये वारली.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, थोडा वेळ. त्याने स्टुलाकडे बघितलं. मीही बघितलं.

स्टुलाचं कापड... मध्ये खोलगट झालं होतं...

कोणी बसल्यावर होतं तेवढं.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही. मग ते कापड सावकाश वर आलं. सपाट झालं.

"तुम्ही विचारलंत तेव्हा ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"मला राहवलं नाही, म्हणून बोललो," तो पुटपुटला. मग माझ्याकडे बोट दाखवलं. आणि तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

हिला सांगू नका.

मेल्यावरसुद्धा. मेल्यावरसुद्धा माझी आई माझ्यापासून दुखणं लपवत होती. कारण काय, तर मुलीला वाईट वाटेल. मुलीचं ऑफिस आहे.

मी स्वानंदीला घेऊन खाली आले. कशी उतरले आठवत नाही. कालव्याच्या काठावर बाक होता, तिथे बसले. स्वानंदी समोरच्या लाकडी पुलावर जाऊन पाण्यात पानं टाकत होती, वीस पावलांवर, मला दिसत होती. दुसरं कोणी नव्हतं.

मी परीक्षितला फोन लावला. नागपूरला रात्रीचा एक वाजून गेला असेल. त्याने घाबरूनच उचलला.

"काय झालं ताई?"

"परी, मी खोटं बोलले होते."

"काय?"

"आईला इथेच त्रास होत होता. तिने मला सांगितलं होतं, दम लागतो, हाताला मुंग्या येतात. मी म्हणाले नागपूरला गेल्यावर दाखवू. मी तिला डॉक्टरकडे नेलं नाही, परी. मी गाडीत काम करत बसले."

मला वाटलं फोन ठेवला. ठेवला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

"परी?"

"ताई, एक मिनिट थांब." त्याचा आवाज वेगळाच येत होता. "तुझ्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही. स्वानंदी लांब आहे."

"कोणीतरी बोलून राहिलं ना तिथे. तू सांगायला लागली तेव्हापासून."

मी शेजारी बघितलं. बाक रिकामा होता. ऊन पडलं होतं त्यावर.

"काय बोलतंय?"

चाळिशीचा माणूस, बापाच्या वेळीही रडला नव्हता. त्याचा हुंदका मला ऐकू आला.

"'नको सांगू, रेणू. नको सांगू त्याला.' ...ताई, तिला दम लागलाय गं बोलताना."

मला काही ऐकू येत नव्हतं. कानात प्राण आणून ऐकायचा प्रयत्न केला, तरी नाही. त्याला ऐकू येत होतं, आठ हजार मैलांवर. मला, शेजारी बसून, नाही.

मी बाकावरच्या रिकाम्या जागेकडे तोंड केलं.

"आई, सांगू दे मला," मी म्हणाले. "तू बस जरा. काही बोलू नको, दम लागेल."

आणि मी सांगितलं. पायऱ्या, कठडा, तो फोन, पन्नास मिनिटं, गार्डने सांगितलेलं, सगळं. एक अक्षर गाळलं नाही. सांगून झाल्यावर मी विचारलं, "अजून ऐकू येतंय का?"

"नाही," तो म्हणाला. "मघाच बंद झालं. कधी झालं कळलं नाही."

याला आता पाच महिने होऊन गेले. मी पुन्हा त्या गावाला गेले नाही. त्या गार्डला एकदा म्युझियममध्ये फोन केला होता. तो म्हणाला, स्टूल आता तो घडी करून ठेवत नाही. पण पुन्हा काही दिसलं नाही. मी कारण शोधायचा खूप प्रयत्न केला. तेच काम आहे माझं. सापडलं नाही.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. मी सांगितलं ते तिला आवडलं की नाही, तिला मोकळं वाटलं की मी तिचं शेवटचं म्हणणंही ऐकलं नाही म्हणून ती उठून गेली, हे मला कसं कळणार? रात्री मी निमिषला हेच विचारते. तो बिचारा काय सांगणार.

परीक्षित दर रविवारी फोन करतो. म्हणतो, ताई, मी तुला माफ केलं, सोड आता.

आई काहीच बोलली नाही.